अंड्यावरच्या कोंबडीचं काळीज, हाडं आणि कवच : वाचकांचे प्रश्न

या वेळच्या बहुतेक पत्रांचा शेवट एकाच वाक्याने होतो : ‘तरी कोणतं टॉनिक चालू करावं ते कळवा.’ नुसतं नाव कळवून काम होणार नाही. अंड्यावर आलेली कोंबडी एकेका अंड्यातून पाच-सहा ग्रॅम चरबी आणि दोन ग्रॅमच्या वर कॅल्शियम बाहेर टाकते. ही देवघेव कुठे अडली आहे, काळजात (म्हणजे यकृतात), हाडांत की मूत्रपिंडात, हे ओळखलं तरच पुडी कामाला येते. नाही ओळखलं तर ती वाया जाते, कधीकधी उलटते. म्हणून उत्तरांत आधी बिघाड सांगितला आहे आणि मग मात्रा.

प्रश्न : पिंजऱ्यात २०० लेअर कोंबड्या आहेत, वय ३६ आठवडे. एप्रिलपासून आठवड्याला दोन-तीन कोंबड्या दुपारच्या अचानक मरतात. मेलेल्या कोंबड्या चांगल्या भरलेल्या, तुरा मात्र पांढरट. एक फाडली तर पोटात रक्ताची गुठळी आणि काळीज पिवळं निघालं. लेअर मॅश (अंड्यावरच्या कोंबड्यांचं भरडलेलं खाद्य) पोटभर असतं, शिवाय दुपारी तांदळाच्या कण्या देतो. लिव्हर टॉनिक तीन आठवडे दिलं, फरक नाही. (देवगड)

कोंबडी फाडून पाहिलीत हे फार चांगलं केलंत. पिवळं, लोण्यासारखं मऊ, बोटाने दाबलं की फुटणारं काळीज, पोटात चरबीचा जाड थर आणि रक्ताची गुठळी हे सगळं एकत्र दिसलं, तर तो चरबीच्या काळजाचा रक्तस्राव, म्हणजे ‘फॅटी लिव्हर’.

कोंबडीच्या अंगात चरबी मुख्यतः काळजात तयार होते. अंड्यावर असताना संप्रेरकांच्या जोराने काळीज पिवळ्या बलकासाठी रात्रंदिवस चरबी बनवत असतं. बनवलेली चरबी रक्तात सोडायची तर तिला एक वेष्टण लागतं, आणि ते वेष्टण कोलीन (जीवनसत्त्वासारखं एक द्रव्य) व मेथिओनिन (एक अमिनो आम्ल) यांच्या आधाराने बनतं. चरबी जास्त बनली आणि वेष्टण कमी पडलं की ती काळजातच साचते. पिंजऱ्यात हालचाल नाही, उन्हाळ्यात ऊब टिकवायला शक्ती खर्च होत नाही, त्यात वरून कण्या. काळीज फुगतं, ठिसूळ होतं, आणि अंडं घालताना जोर लागला किंवा दुपारी धाप लागली की फुटतं.

कण्यांचा हिशेब करून बघा. कोंबडीची दिवसाची गरज साधारण २८० ते ३०० किलोकॅलरी. २० ग्रॅम कण्यांतून ६५-७० जातात. म्हणजे पोटभर जेवणावर आणखी पाव जेवण, तेही निव्वळ पिठूळ. त्याच्यापुढे दहा मिलिलिटर टॉनिक काय करणार?

कण्या आजपासून पूर्ण बंद करा. मॅश मात्र एकदम तोडू नका, उपाशी ठेवली तर अंडी थांबतात आणि अंगातली चरबी सुटून काळजावरच येते. मोजून १०५ ते ११० ग्रॅम द्या. वेगवेगळ्या पिंजऱ्यांतल्या दहा-बारा कोंबड्या सकाळी वजन करून त्यांची सरासरी जातीच्या अपेक्षित वजनाच्या तक्त्याशी ताडा. तक्त्यापेक्षा दहा टक्क्यांच्या वर असेल तर रोग अजून कळपात आहे असं समजा आणि दर पंधरा दिवसांनी वजन करत राहा.

आता पुरवणी. तुमचं रोजचं खाद्य २२ किलो धरलं तर ६० टक्क्यांचं कोलीन क्लोराईड रोज २२ ग्रॅम, डीएल-मेथिओनिन ११ ग्रॅम आणि ५० टक्के ताकदीचं व्हिटॅमिन ई दोन ते चार ग्रॅम. हे तीन ते चार आठवडे. सेलेनियम प्रीमिक्समध्ये, म्हणजे व्हिटॅमिन-खनिजांच्या तयार मिश्रणात, असतंच. एकूण खाद्यात ते किलोला ०.३ मिलिग्रॅमच्या आसपास असावं. वेगळं विकत आणून घालू नका, उपयोगी मात्रा आणि विषारी मात्रा यांत अंतर थोडं आहे आणि घरच्या काट्यावर ते सांभाळता येत नाही. मिसळताना पुड्या आधी एक किलो मक्याच्या भरड्यात, मग ते पाच किलोत, मग सगळ्या ढिगात. थेट २२ किलोंवर भुरभुरल्या तर काही कोंबड्यांना तिप्पट जातं आणि काहींना काहीच नाही.

खाद्य घरी बनवत असाल तर आणखी एक गोष्ट करता येते : मका थोडा कमी करून त्याजागी एक-दीड टक्का चांगलं खाद्यतेल, एकूण ऊर्जा न वाढवता. खाद्यातली चरबी जवळजवळ तशीच बलकात जाते, काळजाला ती पिठापासून नव्याने घडवावी लागत नाही. चरबीच्या रोगावर तेल हा उपाय अनेकांना पटत नाही, पण रोग काळजावरच्या कामाच्या बोजाचा आहे. अट एकच, मका तेवढा कमी झालाच पाहिजे.

भुईआवळा, काळमेघ, कुटकीचं टॉनिक द्यायचं तर द्या, जोडीला हरकत नाही. मात्र कण्या चालू ठेवून त्याचा गुण विचारू नका.

आणि सगळ्यांसाठी एक सूचना. एकाच दिवशी बऱ्याच कोंबड्या मेल्या, तुरा-गलोल (गलोल म्हणजे चोचीखालची लोंबती कातडी) निळे पडले, माना वाकड्या झाल्या किंवा चेहरा सुजला असेल तर घरी फाडू नका. मानमोडी किंवा बर्ड फ्लूचा संशय धरून तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला लगेच कळवा.

प्रश्न : १२ आठवड्यांच्या ६० तलंगा (अजून अंड्यावर न आलेल्या माद्या) जुन्या कोंबड्यांबरोबर एकाच शेडमध्ये आहेत. सगळ्यांना लेअर मॅशच घालतो, म्हणजे लवकर अंड्यावर येतील. पण आठवडाभरात सात गेल्या. काळजावर आणि हृदयावर खडूची पूड फासल्यासारखं दिसलं. (राजापूर)

लेअर मॅश घातल्याने तलंगा लवकर अंड्यावर येत नाहीत, त्यांची मूत्रपिंडं मात्र बिघडतात. तुम्ही पाहिलेली पांढरी पूड म्हणजे युरिक ॲसिडचे क्षार. याला गाऊट म्हणतात. लेअर मॅशमध्ये कॅल्शियम चार टक्क्यांच्या आसपास असतं, वाढत्या पक्ष्याला एक टक्का पुरतं. उरलेलं सगळं मूत्रपिंडाने गाळून टाकायचं असतं, आणि १२ आठवड्यांच्या पक्ष्याला ते झेपत नाही.

लेअर मॅश आज थांबवा, ग्रोअर मॅश, म्हणजे वाढत्या पक्ष्यांचं खाद्य, द्या. पाणी कुठेही तुटू देऊ नका, भांड्यांची संख्या वाढवा. खाण्याचा सोडा अशा वेळी देऊ नका, जास्त सोड्याने गाऊट स्वतः होतो. १६व्या आठवड्यापासून सव्वादोन-अडीच टक्के कॅल्शियमचं प्री-लेअर खाद्य द्या, आणि पहिली अंडी दिसली की लेअर मॅश. शेड वेगळी करणं शक्यच नसेल तर सगळ्यांनाच ग्रोअर मॅश घाला आणि शिंपल्याची भरड वेगळ्या डब्यात ठेवा. अंड्यावरची कोंबडी गरजेप्रमाणे भरड उचलते, तलंग फारशी उचलत नाही. ही तात्पुरती सोय झाली. ग्रोअर मॅशमध्ये अंड्यावरच्या कोंबडीला बाकीचं पोषण कमी पडतं.

संसर्गजन्य ब्राँकायटिस या विषाणूच्या रोगातही हेच चित्र दिसतं. खाद्य बदलून दहा दिवसांत मर थांबली नाही तर पशुवैद्यांकडे मेलेली ताजी तलंग घेऊन जा.

प्रश्न : ६२ आठवड्यांच्या कोंबड्या. अंडी हातात फुटतात, काही बिनकवचाची, नुसत्या कातड्याची. चार कोंबड्या पिंजऱ्यात आडव्या पडल्या आहेत, डोळे टवटवीत, खातात, पण उभं राहता येत नाही. सकाळी पाण्यातून पातळ कॅल्शियम देतोच आहे. (चिपळूण)

कॅल्शियम देताय, पण वेळ चुकते आहे. अंडं घडायला २४ ते २६ तास लागतात, त्यातले जवळपास २० तास नुसतं कवच चढण्यात जातात, आणि त्यातला मोठा भाग रात्रीचा. सकाळी पाण्यातून दिलेलं कॅल्शियम दुपारपर्यंत रक्तातून गाळून विष्ठेत जातं. रात्री दोन वाजता कवच चढत असतं तेव्हा आतड्यात काही उरलेलं नसतं. मग कोंबडी हाडातून काढते. अंड्यावर येताना लांब हाडांच्या पोकळीत तिने याच कामासाठी एक राखीव थर साठवलेला असतो. तो संपला की मूळ हाड झिजायला लागतं. छातीचं हाड वाकडं होतं, फासळ्यांवर गाठी येतात, आणि एक दिवस पाय धरत नाहीत. तुमच्या चार कोंबड्यांचं हेच झालं आहे.

त्या चौघींना आधी पिंजऱ्यातून बाहेर काढा. जमिनीवर भाताच्या तुसाचा जाड थर, पाणी आणि खाद्य चोचीच्या टप्प्यात. प्रत्येकीला रोज एक ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट ओलसर मॅशच्या गोळीतून चोचीत घाला. कॅल्शियम कार्बोनेट म्हणजे चुनखडीची पूड. पानाला लावायचा चुना नव्हे, त्याने तोंड भाजतं. हाड मोडलेलं नसेल तर बऱ्याच कोंबड्या चार ते सात दिवसांत उभ्या राहतात. पिंजऱ्यातच ठेवलीत तर उपाशी-तहानेल्या मरतील, औषध कितीही घाला.

बाकीच्या कळपासाठी : १०० किलो लेअर खाद्यात साडेनऊ किलोंच्या आसपास चुनखडी किंवा शिंपला असतो. त्यातला दोन-तृतीयांश, म्हणजे सहा-साडेसहा किलो, दोन ते चार मिलिमीटरच्या भरडीचा असू द्या आणि उरलेली पूड. भरड गिझार्डमध्ये, म्हणजे पेटीत, अडकून राहते आणि रात्रभर हळूहळू विरघळते. सगळंच पूड असेल तर आकडा बरोबर येतो आणि कवच पातळच राहतं. तयार मॅश विकत घेत असाल तर एक मूठ पाण्यात ढवळा आणि तळाला बसलेलं बोटांत चोळून बघा. टणक, खरखरीत कण लागले नाहीत तर भरड कमी आहे असं समजा. तुमच्या वयाच्या कोंबड्यांना संध्याकाळी चार-पाचच्या सुमारास १०० कोंबड्यांमागे ३०० ग्रॅम भरड खाद्यावर पसरा.

पण एकटं कॅल्शियम हाडात बसत नाही. फॉस्फरस लागतो : १०० किलो खाद्यात एक ते सव्वा किलो डीसीपी (डायकॅल्शियम फॉस्फेट), धान्यातला फॉस्फरस मोकळा करणारं फायटेज एन्झाइम वापरत असाल तर त्याच्या निम्म्याच्या आसपास. आणि व्हिटॅमिन डी-३ लागतं, किलो खाद्याला ३,००० युनिट. डी-३ आधी काळजात आणि मग मूत्रपिंडात बदलून कामाचं होतं. म्हणून फॅटी लिव्हरच्या कळपात कवचही बिघडतं, आणि डी-३ वाढवूनही सुधारणा दिसत नाही. अशा वेळी काळजातली पायरी आधीच पूर्ण झालेलं डी-३ मिळतं, त्याला बाजारात २५-हायड्रॉक्सी म्हणतात. महाग आहे, पण वयस्क कळपात पैसे वसूल होतात असं आमचं मत आहे.

बिनकवचाची अंडी एकाएकी, दोन-चार दिवसांत, खूप वाढली किंवा तपकिरी अंड्यांचा रंग उडाला असेल तर तो रोगाचा मामला असू शकतो. तिथे भरड घालत बसू नका.

प्रश्न : खाडीतले शिंपले फुकट मिळतात. बाजारची शिंपला भरड महाग पडते. घरी करता येईल का? काही जण भाजून घाला म्हणतात. (रत्नागिरी)

करता येते, आणि कोकणासारख्या जांभ्या दगडाच्या मुलखात, जिथे चुनखडी घाटावरून विकत आणावी लागते, तिथे ती करावीच. जिवंत शिंपले उपसायची गरज नाही. तिसऱ्या, मुळे, खुबे खाऊन टाकलेली टरफलं बाजारात आणि खानावळींच्या मागे ढिगाने पडलेली असतात. कालवांची टरफलं जाड, पापुद्र्यापापुद्र्यांची. त्यांच्या फटींत चिखल दडलेला असतो, ती जास्त धुवावी लागतात.

पहिल्या दिवशी मांसाचे उरलेले धागे खरवडून टरफलं गोड्या पाण्यात बुडवा. रात्रभर ठेवून पाणी फेका, पुन्हा दुसरं पाणी, पुन्हा एक रात्र. हे मीठ काढण्यासाठी. मग मोठ्या टोपात १५-२० मिनिटं उकळा, म्हणजे सडका अंश आणि जंतू जातात. दोन-तीन कडक उन्हं दाखवा. नीट वाळलेलं टरफल दगडावर टाकलं की खणखण वाजतं, ओलं बद्द वाजतं. नंतर गोणपाटात घालून लाकडी धुमसाने ठोका आणि दोन चाळण्यांतून चाळा. तांदळाच्या कणीपेक्षा मोठा आणि तुरीच्या दाण्यापेक्षा लहान एवढा तुकडा हवा. मोठे पुन्हा ठोका. खाली पडलेली पूड फेकू नका, खाद्यातल्या पुडीच्या वाट्यात ती चालते.

भाजण्याबद्दल स्पष्ट सांगतो : भट्टीत शिंपला भाजला की त्याचा कळीचा चुना होतो. पूर्वी आपल्याकडे घरं बांधायला तोच वापरत. पाणी लागलं की तो तापतो, चोच आणि अन्ननळी पोळतो. चुलीच्या निखाऱ्यावर ‘थोडा’ भाजला तरी कडा भाजून चुना झालेल्या असतात आणि कुठला तुकडा किती भाजला हे कळत नाही. उकळणं पुरेसं आहे.

विकतची भरड घ्यायचीच तर चमचाभर भरड काचेच्या पेल्यात घेऊन वर पांढरं व्हिनेगर ओता. बुडबुडे आले पाहिजेत. एक-दोनदा व्हिनेगर बदलून दुसऱ्या दिवशी तळाला जे न विरघळलेलं उरतं ती बहुतेक वाळू, आणि तिचे पैसे तुम्ही कॅल्शियमच्या भावाने दिलेत. डोलोमाइटची पूड स्वस्त म्हणून घेऊ नका. तिच्यातल्या मॅग्नेशियमने विष्ठा पातळ होते आणि कवच बिघडतं. नदीतली रेतीही भरडीच्या जागी चालत नाही. ती पेटीतल्या दळणाला उपयोगी, कॅल्शियम तिच्यात नाही.

प्रश्न : परसातल्या ग्रामप्रिया आणि गावठी मिळून २५ कोंबड्या आहेत. सुकट-जवळ्याची कुटी घातली तर वेगळं मेथिओनिन, बी-१२ लागेल का? (श्रीवर्धन)

कुटी चांगली आणि मीठ न लावलेली असेल तर दोन्हींची गरज बरीच भागते. मासळीत मेथिओनिन भरपूर, बी-१२ सुद्धा. खोबऱ्याच्या पेंडीत नेमकं मेथिओनिन आणि लायसिन कमी असतं, त्यामुळे पेंड आणि कुटी ही जोडी जमते. एकूण खाद्याच्या पाच टक्क्यांपर्यंत ठेवा, अधिक घातली तर अंड्याला वास येतो.

मात्र मीठ लावून सुकवलेली मासळी वेगळी आणि नुसती उन्हावर सुकवलेला जवळा वेगळा. पहिलीत मीठ इतकं असतं की कोंबडी पाणी पीत सुटते, विष्ठा पाण्यासारखी होते, आणि प्रमाण वाढलं तर पोटात पाणी भरून मरते. चिमूटभर कुटी जिभेवर ठेवली की कळतं. नंतर एक चमचा पाण्यात टाका, वाळवणाची वाळू खाली बसते. मिठाची कुटी घालावीच लागली तर मॅशमध्ये वेगळं मीठ घालू नका.

प्रश्न : मार्च ते मे विहिरीचं पाणी मचूळ होतं. ५०० कोंबड्या धापा टाकतात, अंड्याची सालं पातळ होतात. सोडा द्या असं सगळे सांगतात. किती आणि कसा? (वेंगुर्ला)

तुमच्याकडे दोन वेगळे बिघाड एकाच वेळी आहेत, म्हणून सोड्याची मात्रा डोळे मिटून सांगता येत नाही.

पहिला बिघाड धापेचा. कोंबडीला घाम येत नाही. उष्मा झाला की ती चोच उघडून जलद श्वास घेते आणि त्यातून कार्बन डायऑक्साइड बेसुमार बाहेर जातो. रक्त अल्कधर्मी होतं. कवचाचं कार्बोनेट ज्यापासून घडतं तो बायकार्बोनेट कमी पडतो. पेटीत भरड असूनही कवच पातळ होतं ते यामुळे. खाण्याचा सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेटच, म्हणून तो गुण देतो.

दुसरा बिघाड पाण्याचा. किनाऱ्यालगत उन्हाळ्यात गोड्या पाण्याची पातळी खाली गेली की खारं पाणी विहिरीत शिरतं. पिण्यातलं मीठ कवच पातळ करतं, सोड्याने ते भरून निघत नाही, उलट सोडियमवर सोडियम पडतं. म्हणून आधी पाणी तपासा. जिल्ह्याच्या पाणी प्रयोगशाळेत लिटरभर नमुना द्या, आणि तो मे महिन्यातला द्या, पावसानंतरचा नको. विरघळलेले एकूण क्षार लिटरला १,००० मिलिग्रॅमच्या आत असतील तर पाणी ठीक. तीन हजारांपर्यंत पाणी चालतं, पण विष्ठा पातळ होते. तीन हजारांच्या वर गेलं तर ते कोंबड्यांचं पाणी नव्हे. टाकीत गोडं पाणी आणून निदान निम्मं मिसळा. पाचशे कोंबड्यांना साधारण दिवशी १०० ते १२५ लिटर लागतं, कडक उन्हाळ्यात त्याच्या दुप्पटही.

पाणी ठीक निघालं तर १०० किलो खाद्यात २५० ग्रॅम सोडा घाला आणि खाद्यातलं मीठ १०० ग्रॅमने कमी करा, नाहीतर लादी ओली राहते. खाद्यातून नको तर पाण्यातून लिटरला एक ग्रॅम, सकाळी दहा ते दुपारी चार. दोन्हींकडून एकदम नको. व्हिटॅमिन सी १०० किलो खाद्यात २० ते २५ ग्रॅम. कोंबडी ते स्वतः बनवते, पण उष्म्यात पुरेसं बनत नाही. पाण्यातून द्यायचं तर पहाटे, दोन तासांत संपेल एवढ्याच पाण्यात, आणि त्या पाण्यात ब्लीचिंग पावडर नको, क्लोरीनने ते निकामी होतं.

पाणी खारट निघालं तर सोडा बाजूला ठेवा. व्हिटॅमिन सी द्या, आणि मॅश घरी बनवत असाल तर त्यातलं मीठ पाण्याच्या अहवालाप्रमाणे पशुवैद्यांकडून बसवून घ्या.

खाद्य पहाटे पाच-सहाला आणि संध्याकाळी पाचनंतर. दुपारी पोटात चाललेलं पचन अंगात उष्णता वाढवतं. पत्र्यावर माडाची झापं घाला. फॉगरचा सल्ला मात्र आमचा नाही. घाटावरच्या कोरड्या हवेत फवाऱ्याने गारवा येतो, आपल्याकडे हवेतच इतका दमटपणा असतो की पाणी सुकत नाही, लादी भिजते आणि अमोनिया वाढतो. वारा खेळता ठेवणारे पंखे त्याहून कितीतरी बरे.

प्रश्न : पावसाळ्यात खाद्य घरी बनवतो : मका, भाताचा कोंडा, शेंगदाणा पेंड, सुकट, प्रीमिक्स, कोलीन. जुलै-ऑगस्टमध्ये दरवर्षी अंडी घटतात, कोंबड्या सुकतात, काळीज पिवळं निघतं. फॅटी लिव्हर समजून कोलीन दुप्पट केलं. (संगमेश्वर)

काळीज पिवळं दिसलं की तो फॅटी लिव्हरच असतो असं नाही. देवगडच्या वाचकांच्या कोंबड्या भरलेल्या होत्या आणि अचानक मेल्या. तुमच्या सुकत चालल्या आहेत. पोटात चरबी नाही आणि काळीज पिवळं, तर बुरशीच्या विषाचा, अफ्लाटॉक्सिनचा, संशय आधी घ्यावा. हे विष काळजाच्या पेशीच मारतं, कोलीन दुप्पट केल्याने त्या परत येत नाहीत. भाजून, शिजवून, उन्हात घालूनही विष जात नाही, बुरशी मरते एवढंच. खाद्यात त्याची मर्यादा किलोमागे २० मायक्रोग्रॅम, म्हणजे डोळ्याला आणि नाकाला काहीही न कळता ती ओलांडलेली असू शकते.

मका आणि शेंगदाणा पेंड या दोन गोष्टी सर्वांत धोक्याच्या. पावसाळ्याचा मका मेअखेर भरा, ओलावा १२ टक्क्यांच्या आसपास असताना. यंत्र नसेल तर कोरड्या काचेच्या बरणीत दोन मुठी मका आणि मोठा चमचा मीठ घालून दोन-तीन मिनिटं हलवा. मीठ काचेला चिकटलं तर ओलावा १५ टक्क्यांच्या वर आहे, तो मका घेऊ नका. आपल्याकडे पावसाळ्यात मीठच ओलं असतं, म्हणून ते आधी तव्यावर कोरडं भाजून थंड करा, नाहीतर चाचणी खोटी ठरते. मीठ चिकटलं नाही म्हणजे मका साठवणीचा झाला असं मात्र नाही, दाणा दाताखाली कट्कन तुटला पाहिजे. पोती भिंतीपासून हातभर दूर, लाकडी फळ्यांवर. पशुखाद्य तपासणीला नमुना पाठवता आला तर पाठवाच. तोवर टॉक्सिन बाइंडर (विष बांधून ठेवणारी पुडी) पिशवीवर लिहिलेल्या वरच्या मात्रेने द्या, व्हिटॅमिन ई किलोला १०० मिलिग्रॅमपर्यंत न्या. बुरशीचं दिसणारं खाद्य बाइंडर घालूनही वापरू नका.

दुसरी जागा कोंड्याची. कच्च्या भाताच्या कोंड्यातलं तेल गिरणीतून निघाल्यापासून खवट व्हायला लागतं, आणि खवट तेल खाद्यातलं व्हिटॅमिन ई खाऊन टाकतं. उकड्या तांदळाच्या गिरणीचा कोंडा मिळत असेल तर तोच घ्या. भात उकडताना खवटपणा आणणारं एन्झाइम मरतं, त्यामुळे तो बराच टिकतो. तेलाचं प्रमाण त्यात जास्त असतं, तेव्हा मका थोडा कमी करा. तोही नसेल तर तेल काढलेला कोंडा.

तिसरी चूक पुष्कळ जणांकडून होते : कोलीन आणि प्रीमिक्स एकाच डब्यात ठेवणं. कोलीन क्लोराईड हवेतलं पाणी ओढून घेतं. जुलैत उघडी पिशवी दोन दिवसांत चिकट ढेकूळ होते. तो ओलावा शेजारच्या व्हिटॅमिनांना लागला की ए, डी-३, के, बी-१ महिन्याभरात कमजोर पडतात. तुम्ही कोलीन दुप्पट केलंत तेव्हा प्रीमिक्स बहुधा आणखी लवकर बिघडलं. दोन्ही वेगळ्या, झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यांत ठेवा, आणि खाद्यात घालतानाही प्रीमिक्स आधी भरड्यात मिसळून झाल्यावर कोलीन घाला. मिसळलेलं खाद्य पावसाळ्यात आठ-दहा दिवसांपुरतंच बनवा. प्रीमिक्सची पिशवी उघडल्या तारखेची चिठ्ठी लावा, तीन महिन्यांवर गेलेली वापरू नका.

आणि डी-३ची गरज याच महिन्यांत जास्त. ताडपत्र्या सोडलेल्या शेडमध्ये ऊन येत नाही, तेव्हा कोंबडीला खाद्यातल्या डी-३वरच भागवावं लागतं.

प्रश्न : लिव्हर टॉनिक, कॅल्शियम, व्हिटॅमिन सी आणि सोडा एकाच टाकीत घातलं तर वेळ वाचेल. चालेल का? (अलिबाग)

नाही. फॉस्फरस असलेलं पातळ कॅल्शियम सोड्याच्या पाण्यात फाटून तळाला पांढरा गाळ धरतं आणि कोंबड्या ज्यातून पाणी पितात ती निप्पल तुंबतात. सोड्याच्या पाण्यात व्हिटॅमिन सी टिकत नाही. पहाटे व्हिटॅमिन सी, ते संपलं की टाकी खंगाळून साधं पाणी, दुपारी सोडा, संध्याकाळी कॅल्शियम भरडीच्या रूपाने खाद्यावर, आणि लिव्हर टॉनिक द्यायचंच तर दुसऱ्या दिवशी सकाळी सोडा नसलेल्या पाण्यातून. आठवड्यातून एकदा निप्पलची ओळ उघडून शेवटच्या टोकाने पाणी सोडा. टोकाशी येणारं पाणी बोटांना बुळबुळीत लागलं तर नळीत शेवाळ धरलं आहे. ती आधी धुवा आणि मगच पुढची पुडी.